नानांच्या वहीतला राजपुत्र : कॉम्प्युटरवर खेळताना तुमच्या शेजारी कोण बसायचं?

खिडकीतला_कावळा

मंडळी, गेल्या रविवारी आईकडे माळा आवरायला घेतला. गिरगावातली खोली सोडून आम्ही बोरिवलीला आलो १९९९ साली, आणि तेव्हापासून दोन ट्रंका कोणी उघडल्याच नव्हत्या. एकीतून नानांची ग्राफची वही निघाली. नाना म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. वही उघडली आणि मी तिथेच शिडीवर बसून राहिलो. खालून आई विचारत होती, "अरे, पाय मुरगळला की काय?"

बाबा गेल्यावर मी आणि आई आजोळीच राहायला आलो होतो. नाना निवृत्त ड्राफ्ट्समन. मामा फोर्टात एका कचेरीत कॉम्प्युटरवर कामाला. १९९४ मध्ये त्या कचेरीने जुनी ३८६ मशीनं काढून टाकली, त्यातलं एक मामाने टॅक्सीत घालून घरी आणलं. रंगीत मॉनिटर लॅमिंग्टन रोडवरून जुना घेतला. हार्ड डिस्क चाळीस एमबीची. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तो ठेवायला जागा एकच होती, शिवणाच्या मशीनची. आजीने मशीन आत मिटवलं आणि वरच्या फळीवर कॉम्प्युटर बसवू दिला. खाली पायडल तसंच होतं. खेळातला राजपुत्र उडी मारायचा तेव्हा माझा पाय आपोआप पायडल मारायचा.

तर त्यावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ होता. नाना आठवडाभर नुसते मागे उभे राहून बघत होते. मग एका संध्याकाळी म्हणाले, "तू सारखा मरतोस, कारण तुझ्याकडे नकाशा नाही." आणि ग्राफची वही घेऊन बसले. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की त्या खेळात प्रत्येक पडदा दहा घरं आडवा आणि तीन मजले उभा असतो, एकही पडदा त्याला अपवाद नाही. "ज्याने हे केलंय ना, त्याने आधी इमारतीचा आराखडा काढलाय. राजपुत्र नंतर आला." हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही फुलला होता! निवृत्तीनंतर सहा वर्षांनी त्यांना पुन्हा एक साइट मिळाली होती.

वहीत एकेका लेव्हलला एकेक पान आहे. सुट्या फरश्या पेन्सिलीने, दारं लाल रेघेने, खिळे उभ्या बारीक रेघांनी. कोपऱ्यात नानांच्या अक्षरात सूचना.

दोन प्रश्न. पहिला, तुमच्या लहानपणी कॉम्प्युटर किंवा व्हिडिओ गेम खेळताना घरातलं कोणी मोठं माणूस शेजारी असायचं का? मला मनापासून वाटतं की आपल्या पिढीच्या आठवणींत ही माणसं राहून जातात. दुसरा, ट्रंकेत साडेतीन इंची फ्लॉप्यांचा डबा आहे. एकीवर लिहिलंय, "राजपुत्र. नाना". काहींवर पांढरे ठिपके आलेत. यातलं काही वाचता येईल का?

वाचनवेडी

अंगावर काटा आला. वहीचे फोटो टाका ना, प्लीज.

रोख_शिल्लक

धागा आवडला. मी स्वतःच आता आजोबांच्या जागेवर आहे, वय ७३, तेव्हा दुसऱ्या बाजूने लिहितो.

ऐंशीच्या दशकात आमच्या बँकेच्या शाखेत एएलपीएम आलं, म्हणजे लेजर पोस्टिंग करणारं मशीन. युनियनचा कॉम्प्युटरला विरोध होता, आणि गेटवर उभं राहून मीही घोषणा दिल्या आहेत. नोकऱ्या जातील ही भीती खरी होती, त्याबद्दल मला आजही काही चुकल्यासारखं वाटत नाही. पण त्याच मशीनवर महिनाअखेरीचा ताळा पहिल्यांदा साडेसात वाजता जुळला आणि मी आठ वाजून काही मिनिटांची लोकल पकडली. तोवर महिनाअखेरीला रात्री अकराच्या आत घरी आलेलो आठवत नाही.

माउस मात्र मला धाकट्या मुलीने शिकवला. घरी विंडोज ९५ होतं. तिने सॉलिटेअर उघडून माझा हात धरला, "बाबा, पान उचला, दाबून ठेवा, आता सोडा." पत्त्यांचा नाद मला आधीपासून होताच, हात तासाभरात बसला. पुढे फ्रीसेल या पत्त्यांच्या दुसऱ्या खेळाने पकडलं. त्यात ३२,००० डाव असतात, प्रत्येकाला क्रमांक. रोज रात्री जेवणानंतर एक डाव, सुटला की डायरीत क्रमांक आणि तारीख. असं करत एके रात्री ११९८२ क्रमांकाचा डाव आला आणि अडकलो. तीन आठवडे! शेवटी मुलगी कॉलेजमधून ऐकून आली की त्या ३२,००० डावांत हा एकच डाव सुटत नाही. डायरीत त्यापुढे मी लिहिलंय, "येथे फरक राहणारच. पुढे चला."

आता तिची मुलगी दहा वर्षांची आहे. तिला मी हाच डाव लावून दिला आणि काहीच सांगितलं नाही. चार दिवस लढली. पाचव्या दिवशी म्हणाली, "आजोबा, तुम्हाला माहीत होतं ना?" मग दोघांनी मिळून ११९८३ लावला.

माहीमची_मासोळी

आमच्याकडे कॉम्प्युटर बराच उशिरा आला. त्याआधी टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम, पिवळ्या कॅसेटवाला. तोही आमचा नव्हे, परळच्या मावशीचा. मावशी नर्स. मे महिन्यात आम्ही भावंडं तिच्याकडे जायचो. ती रात्रपाळी करून सकाळी आठला यायची, आंघोळ, चहा, आणि मग झोपायच्या आधी बरोबर तीन डाव रणगाड्यांचे. आम्ही त्याला 'टँक' म्हणायचो, खरं नाव 'बॅटल सिटी'. खाली मध्यभागी विटांच्या भिंतीत गरुड असतो, तो फुटला की खेळ संपला.

मावशीची वाटणी ठरलेली, "तू पुढे जा, मी घर सांभाळते." गरुडाच्या डोक्यावर रणगाडा उभा करून ती एक इंच हलायची नाही. फावड्याचं चिन्ह आलं की विटांची भिंत काही वेळ पोलादी होते. तेव्हाच फक्त बाहेर पडायची, दोन-चार रणगाडे उडवायची आणि भिंत लुकलुकायला लागली की परत जागेवर. हे तिने कुठे वाचलं नव्हतं, खेळून खेळून ओळखलं होतं. मी मोठेपणी कितीतरी खेळ खेळले, पण इतका भरवशाचा जोडीदार पुन्हा मिळाला नाही.

स्पष्टबोलू

सगळ्यांचं वाचून बरं वाटलं, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. असे आजोबा आणि अशा मावश्या किती जणांना मिळाल्या? आमच्या बिल्डिंगमध्ये तरी एकाही घरात नाही. माझा व्हिडिओ गेम दहावीच्या वर्षी वडिलांनी मला न विचारता रद्दीवाल्याला दिला. शाळेतून आलो तर टीव्हीखालची जागा रिकामी, आणि धूळ नसलेला चौकोन. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. आज मी गेम टेस्टिंगमध्ये काम करतो, वडिलांना माझ्या कामाचं नाव अजून नीट सांगता येत नाही. तेव्हा आपल्याकडची मोठी माणसं सोबत खेळायची, असं चित्र रंगवू नये. बहुतेक घरांत भांडणच होतं.

खिडकीतला_कावळा

@स्पष्टबोलू, तुमचं म्हणणं मान्य. माझ्या वर्गातही नानांसारखं कोणी नव्हतं, म्हणून तर मुलं आमच्याकडे यायची. तो धूळ नसलेला चौकोन वाचून वाईट वाटलं.

रोख_शिल्लक

@स्पष्टबोलू, तुमच्या वडिलांची बाजू घेत नाही. न विचारता द्यायला नको होता. फक्त त्या काळचा हिशेब सांगतो. १९९७ साली आम्ही कॉम्प्युटर घेतला तो पंचेचाळीस हजारांना, पतपेढीचं कर्ज काढून. तीन वर्षं हप्ता कापला जात होता. पडद्यावर मोटारींची शर्यत दिसली की माझ्या डोळ्यांसमोर पगाराची पावती यायची. मीही ओरडलो आहे, आणि ओरडून झाल्यावर स्वतः फ्रीसेल खेळलो आहे. मुलीने ते मला तोंडावर सांगितलं, तेव्हापासून ओरडणं बंद केलं.

कलिना_कट्टा

हप्त्यावरून आठवलं. माझे बाबा म्हणजे त्या कॉम्प्युटरचे एक नंबरचे वैरी. "डबा" म्हणायचे त्याला. २६ जुलै २००५ ला आम्ही कलिन्यात तळमजल्यावर. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे आमच्या डोक्यावरच. मी अंधेरीत अडकलेलो, दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी पोचलो. घरात छातीइतकं पाणी येऊन गेलं होतं. धान्य, गाद्या, आईच्या साड्या, सगळं गेलं. आणि पोटमाळ्यावर, प्लास्टिकच्या चादरीत गुंडाळून सुतळीने बांधलेला, सीपीयू. बाबांनी पाणी उंबऱ्याला लागल्याबरोबर पहिल्यांदा तो वर नेला होता. आई अजून त्यावरून त्यांना बोलते, की आधी गव्हाचं पिंप का नाही उचललंस. बाबा म्हणाले, "त्याच्या सगळ्या रात्री त्यात आहेत."

याच्या आधी कधी ते असं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

स्पष्टबोलू

@कलिना_कट्टा, दोनदा वाचलं.

आडवी_उभी

मुलींचं कोणी लिहिलंच नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे कॉम्प्युटर "दादासाठी" आला, कारण तो इंजिनिअरिंगला जाणार होता. मला पाळी रात्री दहानंतर, तीही त्याला झोप आली तर. हे बदललं ते आत्यामुळे.

आत्या सत्तरच्या दशकात पंच ऑपरेटर होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, तेव्हा माहिती जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून मशीनमध्ये घालत. एका कार्डावर ८० रकाने, म्हणजे ८० अक्षरं. एका कामाची शेकडो कार्डं, आणि क्रम चुकला की सगळं काम वाया. गठ्ठा हातातून निसटला तर? आत्याने मला दाखवलं. तिने पत्त्यांचा जोड घेतला, नीट ठोकून सारखा केला आणि त्याच्या कडेवर पेनने एक तिरकी रेघ ओढली. मग पत्ते जमिनीवर उधळले आणि म्हणाली, "लाव." रेघ पुन्हा अखंड दिसेपर्यंत पत्ते सरकवत गेले की क्रम आपोआप लागतो. दहा मिनिटांत लागला. तो जोड माझ्याकडे अजून आहे, कडेला निळी रेघ असलेला.

त्याच संध्याकाळी तिने दादाला सांगितलं, "ऊठ, आधी ती बसेल. मी वीस वर्षं ह्याच कामाचा पगार ह्या घरात दिलाय." दादा उठला. पुढे साठी उलटल्यावर आत्या इनस्क्रिप्टवर मराठी टाइप करायला शिकली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, ही मांडणी तिला फार आवडली. म्हणाली, "बाराखडी ज्याला येते त्याला हा कीबोर्ड येतो." मीही हा प्रतिसाद इनस्क्रिप्टवरच लिहितेय.

लालबागचा_नातू

@आडवी_उभी, आत्यांना दंडवत. भोकांच्या कार्डांवरून आमच्या आजोबांची गोष्ट.

आजोबा गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे. जानेवारी १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे मी त्यांना कामावर जाताना कधी पाहिलं नाही. शाळेत आम्हाला बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचे. शून्य आणि एक काय ते मला काही केल्या कळत नव्हतं. आजोबा खाटेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "आमची डॉबी तशीच असायची."

मग त्यांनी समजावलं. साच्याच्या वर डॉबी असते. तिला लाकडी पट्ट्यांची माळ. प्रत्येक पट्टीत ओळीने भोकं, काही भोकांत खुंटी ठोकलेली, काही रिकामी. खुंटी असेल तर ताण्याच्या धाग्यांची ती चौकट वर उचलली जाते, नसेल तर खालीच राहते. धोटा एकदा गेला की माळ एक पट्टी पुढे. कापडावरची नक्षी म्हणजे त्या खुंट्यांचा क्रम. "खुंटी म्हणजे तुझा एक, रिकामं भोक म्हणजे तुझं शून्य. नक्षी बदलायची तर साचा बदलत नाहीत, खुंट्या बदलतात." आईने डाळ निवडायला घेतलेली, त्यातले दाणे उचलून त्यांनी चौकोनी नक्षी मांडून दाखवली.

मला प्रोग्राम म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. जॅकार्डच्या मागात हेच काम भोकांची कार्डं करतात, आणि त्याच कल्पनेवरून पुढे हॉलेरिथने १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी कार्डं वापरली, हे मी कॉलेजात वाचलं. आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आमचं खातं तुमच्या आधीचं." आणि तेवढ्यापुरते सरळ ताठ होऊन बसले.

डोंबिवली_फास्ट

अवांतर : मुंबईकरांना भारनियमन माहीत नाही. आम्ही डोंबिवलीकर शेवटच्या लेव्हलला पोचलो की दिवे जायचे. आजी वीज कधी जाणार ते बरोबर सांगायची आणि ओरडायची, "सेव्ह कर रे!" सेव्ह म्हणजे काय हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

जुनं_ते_सोनं

@माहीमची_मासोळी, तुमच्याकडे ती बंदूक होती का, बदकं मारायची? भाच्याला दाखवायला मी जुना संच मोठ्या हौसेने नव्या टीव्हीला जोडला. एक बदक पडेना. कारण नंतर कळलं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतून काहीच सुटत नाही, उलट ती तो उजेड आत घेते. ते सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं, नव्या टीव्हीवर चित्र जरा उशिरा आणि वेगळ्या तऱ्हेने उमटतं. शेवटी शेजारच्या काकूंचा अडगळीतला टीव्ही मागून आणला. काकूंनीच पहिलं बदक पाडलं.

माहीमची_मासोळी

होती! आणि आम्ही सगळे टीव्हीच्या काचेला नळी टेकवून मारायचो.

दहा_बाय_तीन

धागाकर्त्यांनी नानांचं जे वाक्य लिहिलंय त्याला दाद द्यावी तितकी थोडी. दहा घरं, तीन मजले हे अगदी बरोबर आहे. तो खेळ जॉर्डन मेकनर यांनी केला, १९८९ मध्ये आला. राजपुत्राचं धावणं इतकं माणसासारखं का वाटतं? कारण ते खरंच माणसाचं आहे. त्यांनी धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक चौकट बघून हालचाल उतरवून घेतली. आणि संगीत त्यांच्या वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं. म्हणजे भाऊ पळतोय आणि वडील वाजवतायत. गिरगावात शिवणाच्या मशीनवर नातू खेळतोय आणि आजोबा नकाशा काढतायत, हे त्याच जातकुळीतलं झालं.

ठाण्याचा_सोल्डर

सगळे आठवणींत रमलेत, फ्लॉप्यांचं उत्तर कोणीच दिलं नाही, म्हणून मी देतो.

पांढरे ठिपके म्हणजे बुरशी, मुंबईच्या दमट हवेचा प्रसाद. ठिपकेवाली फ्लॉपी चुकूनही ड्राइव्हमध्ये घालू नका. ड्राइव्हचं हेड चकतीला टेकून फिरतं. बुरशी घासली की चकतीवर ओरखडा जातो, आणि घाण हेडला चिकटून पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही नेते. धातूची झडप सरकवा, मधली गोल पट्टी हाताने हळूहळू फिरवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने दोन्ही बाजू अलगद पुसा. पूर्ण वाळू द्या.

दुसरं, कोपऱ्यातली छोटी खिडकी सरकवून भोक उघडं करा. भोक उघडं असलं की त्या फ्लॉपीवर काही लिहिलं जात नाही. हे आधी, बाकी सगळं नंतर.

तिसरं, यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो, साडेतीन इंचीला चालतो. आधी पूर्ण फ्लॉपीची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, कॉम्प्युटरवर करा आणि काम इमेजवरच करा. खेळ डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने खेळ आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालेल. राजपुत्र फार वेगाने पळत असेल तर कंट्रोल एफ ११ ने वेग कमी होतो, एफ १२ ने वाढतो.

आणि फ्लॉपीवर 'प्रिन्स.सॅव्ह' नावाची फाइल दिसली तर तिला हात लावायच्या आधी दोन प्रती काढा. त्या खेळात तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल जी ने डाव साठवता येतो. लेव्हल आणि उरलेली मिनिटं त्यात असतात.

खिडकीतला_कावळा

@ठाण्याचा_सोल्डर, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

काल संध्याकाळी जमलं. अकरांपैकी सात फ्लॉप्या वाचता आल्या. नानांची फ्लॉपी स्वच्छ निघाली, आणि तुम्ही म्हणालात ती फाइल तिच्यावर होती. तारीख १९९६ ची. आईला बोलावलं, शेजारी बसवलं आणि साठवलेला डाव उघडायला कंट्रोल एल दाबलं. आठवी लेव्हल, सतरा मिनिटं शिल्लक.

मला वाटायचं नाना फक्त नकाशे काढायचे. ते दुपारी आम्ही नसताना खेळायचे, हे मला आयुष्यात माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. म्हणाली, "तू शाळेत गेलास की दार लोटून घ्यायचे."

मी खेळलो, आई वही मांडीवर घेऊन वाचून दाखवत होती. "डावीकडे सुटी फरशी... खाली खिळे, चालत जा, पळू नको... आता लाल रेघ." तिने हा खेळ कधी हातात धरलेला नाही, पण नानांची रेघ तिला वाचता येते. त्यांच्या ड्रॉइंगांना शाई तीच भरायची, लग्नाआधी.

शेवटी एका बंद दाराशी अडकलो. मागे जायला वाट नाही, मिनिटं जातायत. मी कळा बडवायला लागलो. आईने पानाचा कोपरा वाचला, "उंदीर येईपर्यंत थांबणे. घाई नको." आम्ही दोघं थांबलो. खरंच पडद्यावर एक पांढरा उंदीर आला, फरशीतल्या कळीवर चढला आणि दार उघडलं. आई इतक्या मोठ्याने हसली की शेजारच्या वहिनी बघायला आल्या.

नवव्या लेव्हलला डाव साठवून ठेवलाय. मामाला फोन केला, तो रविवारी ठाण्याहून येतोय. पेन्सिलीच्या खुणा पुसट झाल्यात, आधी सगळी पानं स्कॅन करतो, मग फोटो टाकतो.

वाचनवेडी

वाट बघतेय.

रोख_शिल्लक

फोटो जरूर टाका, पण बारावं पान तेवढं मागे ठेवा. नातीने कालपासून खेळायला घेतलाय आणि ग्राफची वही मागितली आहे.